ऑसिलोमेट्री: न फुंकता होणारी फुफ्फुसाची तपासणी. बडोद्यातल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ऑसिलोमेट्री', 'आयओएस' किंवा 'एफओटी' असं काही लिहिलं की रावपुऱ्यातून, दांडिया बाजारातून, मांजलपूरहून लॅबला फोन यायला लागतात. बहुतेकांनी फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, आधी केलेली असते. तिच्यात अर्धा जीव गेलेला असतो, म्हणून आता आणखी काय वाढून ठेवलंय ही धास्ती असते. मी पीएफटी लॅबमध्ये, म्हणजे फुफ्फुसाचं काम तपासणाऱ्या लॅबमध्ये, टेक्निशियन आहे. निदान आणि औषधं डॉक्टरांनी ठरवायची. यंत्रासमोर काय घडतं आणि हातात आलेल्या कागदावरचं काय किती मनावर घ्यायचं, एवढं मला नीट सांगता येईल.

ही नेमकी कसली तपासणी?

तुम्ही खुर्चीवर बसून नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि सोडायचा. त्याच वेळी यंत्र तोंडातल्या नळीतून हवेच्या दाबाच्या अगदी बारीक लहरी आत सोडतं. काही लहरी सेकंदाला ५ वेळा हलणाऱ्या, म्हणजे ५ हर्ट्झच्या, तर काही भरभर, साधारण ३५ हर्ट्झपर्यंतच्या. लहर आत सोडल्यावर दाब किती आणि हवेचा प्रवाह किती, हे यंत्र नळीच्या तोंडाशीच मोजतं. तुमचा स्वतःचा श्वास मिनिटाला पंधरा-वीस वेळा होणारा, म्हणजे खूप संथ. त्यामुळे यंत्राला तुमचा श्वास आणि आपली लहर वेगळी करता येते. दाब आणि प्रवाह यांच्या गुणोत्तराला इम्पीडन्स म्हणतात. लहरीला वाटेत एकूण किती अडवलं गेलं, त्याचा हा हिशोब.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत आर्थर ड्युबॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्येच ही पद्धत मांडली होती. पण वेगवेगळ्या लहरींचा गुंता सोडवायला भरपूर आकडेमोड लागते आणि ती झटपट करणारे संगणक दवाखान्यात यायला पुढची कित्येक वर्षं गेली. आयओएस आणि एफओटी हे लहरी सोडण्याचे दोन प्रकार आहेत. आयओएस ठोके देतं, दुसरं एकसारखी थरथर देतं. दोन्ही एकाच घरातल्या, म्हणून ऑसिलोमेट्री हे नाव दोघींना चालतं.

स्पायरोमेट्री केली आहे. मग ही कशाला? ही जास्त चांगली आहे का?

'जास्त चांगली' असं कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. दोन्ही तपासण्या दोन वेगळे प्रश्न विचारतात.

स्पायरोमेट्री विचारते: पूर्ण जोर लावल्यावर किती हवा बाहेर पडते आणि पहिल्या सेकंदात किती? दमा असो वा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), निदानाचा पाया आजही तोच आहे. सीओपीडी म्हणायचं तर पंप (श्वासनलिका सैल करणारं, तोंडाने ओढायचं औषध) दिल्यानंतरही पहिल्या सेकंदाची हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर ०.७ च्या खाली हवं. ऑसिलोमेट्रीवरून ते ठरत नाही.

ऑसिलोमेट्री विचारते: जोर न लावता, रोजच्या श्वासात, हवेला वाटेत किती त्रास होतो? या प्रश्नाचा उपयोग मुख्यतः दोन ठिकाणी होतो. एक, ज्यांना फुंकणं जमतच नाही: लहान मुलं, थकलेली म्हातारी माणसं, नुकतंच ऑपरेशन झालेले. दुसरं, जे दणक्यात फुंकतात, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, आणि तरी मांडवीहून घरी येऊन दोन जिने चढताना छाती भरून येते. या दुसऱ्या गटासाठी तपासणी लिहून दिली असेल तर ती वाया जाण्याची शक्यता कमी. आधीच्या स्पायरोमेट्रीत अडथळा ढळढळीत दिसतोय आणि औषधं ठरलेली आहेत, अशा वेळी डॉक्टरांना जरूर विचारा, की यातून आणखी काय कळणार आहे? प्रश्न विचारल्याने कोणी रागवत नाही, आणि रागवलं तरी विचारावा.

स्पायरोमेट्री नॉर्मल असून त्रास कसा असू शकतो?

श्वासनलिकेला छातीत शिरल्यावर फाटे फुटत जातात, फाट्यांना पुन्हा फाटे, अशा साधारण २३ पिढ्या. पुढच्या पिढ्यांतल्या, २ मिलिमीटरपेक्षाही अरुंद नळ्यांना लहान श्वासनलिका म्हणतात. एकेक नळी अरुंद असली तरी त्यांची संख्या इतकी अफाट, की सगळ्या मिळून हवेला रस्ता ऐसपैस होतो. निरोगी माणसात एकूण अडथळ्यातला छोटासाच वाटा त्यांचा असतो. म्हणूनच त्यातल्या बऱ्याच नळ्या सुजल्या, बुजल्या, तरी सुरुवातीला स्पायरोमेट्रीच्या मोठ्या आकड्यांत फरक पडत नाही. जेरे मीड या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये या भागाला फुफ्फुसाचा 'शांत प्रदेश' म्हटलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६८ मध्ये, हॉग आणि मॅक्लेम यांच्या गटाने दाखवलं होतं की एम्फिसीमात (फुफ्फुसातले हवेचे फुगे खराब होण्याच्या आजारात) मुख्य अडथळा या लहान नळ्यांतच असतो. म्हणजे रोग जिथे सुरू होतो, तिथला आवाज सर्वांत उशिरा बाहेर ऐकू येतो.

याचं एक गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं. २००१ च्या हल्ल्यानंतर कोसळलेल्या इमारतींची धूळ ज्यांच्या छातीत गेली, त्यातल्या अनेकांना खोकला आणि धाप कायम राहिली. क्ष-किरण आणि स्पायरोमेट्री मात्र ठीक. ऑसिलोमेट्री केल्यावर लहान नळ्यांकडचा अडथळा दिसला आणि पंप दिल्यावर तो कमीही झाला. 'तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत' हे ऐकून कंटाळलेल्या लोकांसाठी ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडेही असे लोक येतात. त्यात बायका जास्त असतात आणि त्यांना हे वाक्य घरातून आधी ऐकवलेलं असतं.

रिपोर्टवर आर ५, आर २०, एक्स ५, एएक्स असं लिहिलंय. कसं वाचायचं?

'आर' म्हणजे रेझिस्टन्स, हवेच्या वाटेतला घासाघाशीचा अडथळा. शेजारचा आकडा लहरीचा वेग सांगतो. संथ लहर, ५ हर्ट्झची, खोलवर पोचते, म्हणून आर ५ मध्ये संपूर्ण श्वसनमार्गाचा अडथळा धरला जातो. २० हर्ट्झची लहर मोठ्या नळ्यांपलीकडे फारशी जात नाही. म्हणून आर ५ मधून आर २० वजा केलं की उरलेलं लहान नळ्यांचं, असं म्हणतात. काही यंत्रांत २० ऐवजी १९ असतं. हा ठोकताळा आहे. फुफ्फुसाचा एक भाग मोकळा आणि दुसरा तुंबलेला, अशी विषमता असली तरी हा फरक वाढतो. लहान मुलांत तो थोडाफार असणं साहजिकच आहे.

'एक्स' म्हणजे रिॲक्टन्स. यात फुफ्फुसाची आणि छातीची लवचीकता येते आणि नळ्यांतल्या हवेचं जडत्वही येतं. एक्स ५ हा आकडा निरोगी माणसातही उणे असतो. उणे चिन्ह पाहून लोक हबकतात, रक्ताच्या रिपोर्टमधल्या 'निगेटिव्ह'सारखं काही समजतात. उणे असणं नेहमीचं आहे. ते अपेक्षेपेक्षा किती जास्त उणे झालंय, तेवढं पाहायचं. लहान नळ्या बंद पडल्या की त्यांच्या मागचा फुफ्फुसाचा भाग लहरीला जाणवेनासा होतो, उरलेलं फुफ्फुस कडक वाटायला लागतं आणि एक्स ५ आणखी खाली जातो.

रेझोनंट फ्रिक्वेन्सी समजून घ्यायला घरातला झोपाळा पुरेसा आहे. त्याच्या स्वतःच्या लयीत रेटा दिला तर एका बोटाच्या जोरावर तो हलत राहतो. तुमची शक्ती जाते ती कड्यांच्या घासण्यात तेवढी. लय सोडून सावकाश किंवा भरभर ढकलायला गेलात की झोपाळा अंगावर येतो. फुफ्फुसाचीही अशी लय असते. त्या वेगाला लवचीकता आणि जडत्व एकमेकांना फेडतात, एक्स शून्यावर येतो आणि फक्त 'आर' उरतो. निरोगी प्रौढांत हे साधारण १० हर्ट्झच्या आसपास घडतं, मुलांत त्याहून बरंच वर. नळ्या अरुंद झाल्या किंवा फुफ्फुस कडक झालं की हा आकडा वर सरकतो. एएक्स म्हणजे ५ हर्ट्झपासून त्या शून्यापर्यंतच्या आलेखाखालचा त्रिकोणी भाग. सुदृढ फुफ्फुसात तो चिंचोळा असतो, अडथळ्यात फुगतो. माझ्या मते रिपोर्ट घेऊन बसलेल्या घरच्या माणसाने आकड्यांपेक्षा आधी हा त्रिकोण बघावा.

आणखी एक. काही यंत्रं आकडे किलोपास्कलमध्ये देतात, काही सेंटीमीटर पाण्यात. १ किलोपास्कल म्हणजे जवळपास १०.२ सेंटीमीटर पाणी. गेल्या वर्षी ०.३ आणि यंदा ३ असं पाहून 'दहापट वाढलं हो!' म्हणत घाबरलेले काका लॅबमध्ये येतात. आधी एकक बघा.

तपासणीच्या वेळी माझ्याकडून काय करून घेतात?

उंची आणि वजन घेतलं जातं. उंचीत चूक झाली तर अपेक्षित आकडाच चुकतो, म्हणून चपला काढून सरळ उभं राहा. सकाळी पहिल्या माणसाआधी आम्ही यंत्राला ज्ञात अडथळ्याचा एक ठोकळा लावून ते बरोबर मोजतंय ना, हे पाहतो. तुम्ही विचारलंत की 'आज चेक केलं का?' तर आम्हाला राग येणार नाही, उलट बरं वाटेल.

मग पाय जमिनीवर टेकवून ताठ बसायचं. मान वाकवायची नाही, हनुवटी किंचित वर. नाकाला चिमटा. नव्या फिल्टरची नळी दातांमध्ये, ओठ घट्ट मिटलेले, जीभ नळीच्या खाली. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या, सैल असेल तर सांगा. तोंडात मावा किंवा सुपारी असेल तर आधी थुंकून खळखळून चूळ भरा. (हे लिहायची वेळ येते म्हणून लिहिलं.) यंत्र सुरू झालं की गालांना, घशाला गुरगुर जाणवते. दुखत नाही. काहींना हसू येतं.

प्रौढांसाठी एक रेकॉर्डिंग ३० सेकंदांचं, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी १६ सेकंदांचं. अशी निदान तीन चांगली रेकॉर्डिंग्ज हवीत, आणि ती एकमेकांशी जुळायलाही हवीत. प्रौढांत आर ५ मधला चढउतार १० टक्क्यांच्या आत, मुलांत १५ टक्क्यांच्या आत. पडद्यावर श्वासाची रेघ लाटेसारखी जात असते. तुम्ही आवंढा गिळलात, जीभ नळीसमोर आली, मध्येच 'हं' म्हणालात, की त्या रेघेत सुळका उभा राहतो. तेवढा तुकडा किंवा ते रेकॉर्डिंगच बाद. म्हणून टेक्निशियन पाचव्यांदा 'आणखी एकदा' म्हणाला तर तो तुम्हाला छळत नाहीये.

गाल हातांनी धरायला का सांगतात? फारच विचित्र दिसतं.

दिसतं खरं. पण गाल मऊ असतात. लहर आत जाण्याऐवजी गालच फडफडवते आणि मग यंत्र फुफ्फुसाऐवजी तुमचे गाल मोजतं. ज्यांच्या नळ्यांत अडथळा जास्त, त्यांच्यात ही गळती आणखी मोठी. म्हणून दोन्ही तळवे गालांवर आणि बोटं हनुवटीखाली. दाबायचं नाही, धरून ठेवायचं. लहान मुलांचे गाल आई किंवा आम्ही मागून धरतो. हात थरथरणाऱ्या आजी-आजोबांचेही गाल आम्हीच धरतो. लॅबमध्ये कोणी गाल न धरताच रेकॉर्डिंग घेऊन तुम्हाला मोकळं केलं, तर त्या रिपोर्टवर फार भिस्त ठेवू नका.

मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला जमेल?

बहुतेक वेळा जमतं. तीन वर्षांपासून पुढच्या मुलांत ही तपासणी होते, आणि बालदम्यातच तिचा सर्वांत मोठा फायदा आहे. पाच-सहा वर्षांच्या आत जोरात आणि पूर्ण फुंकणं क्वचितच साधतं. इथे 'श्वास घे, श्वास सोड' एवढंच.

तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. पहिल्या वेळी मूल नळी चावतं, चिमटा भिरकावतं, आईच्या मांडीत डोकं खुपसतं. आम्ही आधी आईला किंवा बाबाला बसवून दाखवतो, मग चिमटा बाहुलीला लावतो. घरी एक तयारी करता येईल: जाड स्ट्रॉ ओठांत धरून, नाक दाबून, टीव्ही पाहत अर्धा मिनिट शांत श्वास. झोपेच्या वेळी किंवा भुकेलेलं मूल आणू नका. पहिल्या दिवशी नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी या. रडत असताना घेतलेलं रेकॉर्डिंग कागदावर छान दिसलं तरी कुचकामी.

मुलांत अपेक्षित आकडा मुख्यतः उंचीवर ठरतो. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा केल्यावर कच्चा आकडा कमी झाला म्हणजे दमा सुधारला असं लगेच समजू नका. मूल वाढलं की नळ्याही रुंदावतात. शेजारचा झेड-स्कोर, म्हणजे अपेक्षित आकड्यापासून किती दूर ते, बघायचा.

आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि त्यांना फारसं समजतही नाही. चालेल?

जोरात फुंकताना डोळ्यांवर, पोटावर, छातीवर दाब येतो, म्हणून डोळ्यांच्या किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर आणि नुकत्याच आलेल्या हार्ट अटॅकनंतर स्पायरोमेट्री काही काळ टाळतात. ऑसिलोमेट्रीत तो दाब येत नाही. विसरभोळेपणा वाढलेल्या, सूचना न पाळता येणाऱ्या माणसांतही बऱ्याचदा उपयोगी आकडे मिळतात. फक्त ओठ मिटून ठेवणं जमायला हवं. ऑपरेशनची तारीख आम्हाला आणि डॉक्टरांना आधी सांगा.

गर्भारपणात, किंवा टीबीचे उपचार चालू असताना?

यात किरण नाहीत, इंजेक्शन नाही, म्हणून गर्भारपणात अडचण नाही. टीबी नुकताच निघाला असेल किंवा थुंकीत जंतू असतील तर तपासणी पुढे ढकला, कारण बंद खोलीतल्या पुढच्या माणसाचाही विचार करायचा असतो. लपवू नका.

यायच्या आधी पंप बंद करायचा का?

कशासाठी तपासणी आहे त्यावर ठरतं. निदान करायचं असेल तर डॉक्टर पंप थांबवायला सांगतात: ॲस्थालिनसारखा झटपट पंप चारेक ते सहा तास, फोराकोर्टसारखा दीर्घकाळ चालणारा साधारण २४ तास, टायोट्रोपियमसारखा त्याहून जास्त. औषध लागू पडतंय का हे पाहायचं असेल तर औषध चालू ठेवूनच यायचं असतं. म्हणून चिठ्ठी देतानाच विचारून घ्या. आणि धाप लागली तर पंप घ्याच. कुठल्याही तपासणीसाठी दम कोंडून बसायचं नाही. आल्यावर किती वाजता घेतला तेवढं सांगा.

तासभर आधी बिडी-सिगारेट नको, पळापळ नको. कमाटीबागेत फेऱ्या मारून थेट लॅबमध्ये येणारे असतात, त्यांना आम्ही बाकावर बसवून ठेवतो. दोन्ही तपासण्या एकाच दिवशी असतील तर ऑसिलोमेट्री आधी, स्पायरोमेट्री नंतर. खोल श्वास घेऊन जोरात फुंकलं की नळ्यांचा ताणच बदलतो, विशेषतः दम्यात, आणि मग 'नेहमीचा श्वास' नेहमीचा राहत नाही.

पंप देऊन पुन्हा करतात, त्यात काय बघतात?

सल्ब्युटॅमॉलचे प्रौढांना बहुधा चार पफ, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ डब्यातून) देतात आणि पंधराएक मिनिटांनी तीच रेकॉर्डिंग्ज पुन्हा घेतात. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने २०२० मध्ये दिलेल्या तांत्रिक निकषांनुसार आर ५ चाळीस टक्क्यांनी उतरला, एक्स ५ पन्नास टक्क्यांनी सुधारला किंवा एएक्स ८० टक्क्यांनी घटला, तर तो लक्षणीय प्रतिसाद. हे उंबरठे मोठे वाटतील. पण निरोगी माणसाच्या नळ्याही पंपाने थोड्या सैलावतात, म्हणून दहा-पंधरा टक्क्यांवर कोणी 'दमा पक्का' म्हणत असेल तर घाई होतेय. मधल्या पंधरा मिनिटांत चहाला खाली उतरू नका. जिना चढून आलात की पुन्हा थांबावं लागतं.

रिपोर्ट बिघडलेला आला, म्हणजे मला दमा आहे?

नाही, एवढ्यावरून नाही. वाढलेला आर ५ सांगतो की अडथळा आहे. तो दम्यामुळे, सीओपीडीमुळे, जुन्या टीबीने उरलेल्या व्रणांमुळे की परवाच्या सर्दीमुळे, हे त्याला ठाऊक नसतं. स्वरयंत्राकडचा दोषही आकडे वर नेतो. वाकडं बसणं आणि जिभेची जागाही आकडे बिघडवतात. दमा म्हणजे बदलता अडथळा: आज आहे, उद्या नाही, पहाटे वाढतो, पंपाने उतरतो. तो बदल दाखवायला लक्षणं, तपासणी आणि वेळ तिन्ही लागतात.

उलटही खरं आहे. दमा असलेल्या माणसाचा चांगल्या दिवशीचा रिपोर्ट स्वच्छ येतो. म्हणून रिपोर्ट पाहून कोणी पंप परस्पर बंद करू नये.

आईने कधी सिगारेट ओढली नाही. तिला सीओपीडी कसा?

आयुष्यभर चुलीपुढे बसली असेल, तर तिने धूर ओढलाच आहे. धूम्रपान न करणाऱ्यांतल्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधणारा २००९ चा 'लॅन्सेट'मधला लेख पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत लिहिला होता. लाकूड-शेणीचा धूर, धुळीचं काम, पूर्वी झालेला टीबी, सगळं त्यात येतं. अशा बायकांत लहान नळ्यांची खराबी बरीच असते.

सीओपीडीत ऑसिलोमेट्रीचा एक खास उपयोग आहे. काहींच्या नळ्या श्वास सोडताना मिटतात, हवा आत अडकते. तेव्हा एक्स ५ श्वास घेतानाचा वेगळा आणि सोडतानाचा फार वेगळा येतो. हा फरक मोठा असला की धाप का लागतेय त्याचा उलगडा होतो. पण तुमच्या यंत्रात आत-बाहेरचे आकडे वेगवेगळे छापायची सोय असायला हवी. नसेल तर टेक्निशियनला दोष देऊ नका.

गच्चीवर कबुतरं आहेत, काका पूर्वी दगडाच्या कामावर होते. यातून कळेल?

सरळ उत्तर: यावर विसंबू नका. चबुतऱ्याला रोज दाणे टाकणाऱ्या, खिडकीत कबुतरांची विष्ठा साचलेल्या घरांत सतत कोरडा खोकला असेल तर ॲलर्जीने फुफ्फुसाचं ऊतक सुजल्याची शंका घेतात. त्याला एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून वायू रक्तात किती उतरतो ती तपासणी) लागतं. दगडाच्या बारीक धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचं तसंच. गोध्रा-बालासिनोरच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत अलिराजपूर, झाबुआ, धारहून आलेल्या आदिवासी मजुरांचे जीव गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. तिथे निदानाला कामाचा इतिहास आणि छातीचा फोटो हाच आधार. फुफ्फुस कडक झालं की एक्स ५ खाली जातो, पण अडथळ्यानेही तो खालीच जातो. दोघांतला फरक ऑसिलोमेट्री एकटीने सांगू शकत नाही. फुफ्फुसात एकूण किती हवा मावते आणि प्राणवायू रक्तात किती उतरतो, हेही ती मोजत नाही.

वजन जास्त असेल तर?

आकडे थोडे बिघडलेले दिसतात. पोटाचा भार छातीवर येतो, खालच्या भागातल्या लहान नळ्या मिटायला लागतात, आर ५ वाढतो, एक्स ५ उतरतो. यंत्र खोटं सांगत नाही, अडथळा खरा असतो, पण तो दमाच असेल असं नाही. वजन कमी झाल्यावर आकडे बऱ्याचदा सुधारतात.

नवरात्रात किंवा सर्दी असताना केली तर चालेल?

तातडी नसेल तर सर्दी-खोकला उतरून तीन-चार आठवडे जाऊ द्या. गरब्याचं मैदान कोरडं असलं की हजारो पावलांची धूळ उडते आणि दम्याच्या लोकांचे पंप त्या नऊ रात्रींत भराभर संपतात. त्या दिवसांतला रिपोर्ट 'धुळीनंतर काय होतं' ते सांगेल, तुमची एरवीची स्थिती सांगणार नाही. डॉक्टरांना नेमकं तेच पाहायचं असेल तर गोष्ट वेगळी. दिवाळीच्या फटाक्यांचं आणि उत्तरायणाच्या थंडीचंही तसंच.

दोन लॅबचे आकडे वेगळे का?

यंत्रं वेगवेगळ्या तत्त्वांवर चालतात, लहरी वेगळ्या आकाराच्या सोडतात, आणि 'अपेक्षित' आकडा काढायचं सूत्र वेगवेगळ्या लोकसंख्येवरून घेतलेलं असतं. युरोपियन प्रौढांवरून काढलेलं सूत्र आपल्या अंगकाठीला नेमकं बसेलच असं नाही. कागदाच्या कोपऱ्यात सूत्राचं नाव बारीक अक्षरात असतं. म्हणूनच 'अपेक्षेच्या किती टक्के' यापेक्षा 'माझ्याच मागच्या आकड्यापेक्षा किती' ही तुलना मी जास्त विश्वासार्ह मानतो, अर्थात त्याच यंत्रावर केलेली.

किती वेळ लागतो, खर्च किती?

पंपाच्या आधीचं आणि नंतरचं धरून साधारण पाऊण तास. त्यात तुमचा श्वास मोजायची मिनिटं थोडीच, बाकी बसणं. दर लॅबप्रमाणे बदलतो. फोनवर विचारताना 'पंपाआधीचं आणि नंतरचं दोन्ही त्यात धरलंय का, फिल्टरचे पैसे वेगळे लावता का' हे विचारा, म्हणजे काउंटरवर वाद होत नाही.

पुन्हा कधी करायची, आणि काय जपून ठेवायचं?

औषध बदललं की डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. दर महिन्याला हौसेने करण्यात अर्थ नाही. फुफ्फुस प्रत्यारोपण झालेल्यांत मात्र ती वारंवार करतात, कारण शरीर नवं फुफ्फुस नाकारायला लागलं तर काही वेळा स्पायरोमेट्रीच्या आधी इथे फरक दिसतो.

रिपोर्टचं फक्त पहिलं पान घेऊन जाऊ नका. आलेखाचं पान, प्रत्येक रेकॉर्डिंगचे वेगवेगळे आकडे, यंत्राचं नाव, आणि त्या दिवशी पंप किती वाजता घेतला होता ती नोंद, हे सगळं मागून घ्या. व्हॉट्सॲपवर काढलेला तिरका फोटो पुरत नाही, त्यात दशांश चिन्ह दिसत नाही. पीडीएफ मागा.